एक बोट सैल

नंदकुमार हेंद्रेनं आयुष्यात गिऱ्हाइकाचं माप कधी चुकवलं नव्हतं. पाटणच्या एसटी स्टँडसमोर त्याचं शिवणकामाचं दुकान. ड्रायव्हर-कंडक्टरांची खाकी त्याच्याच हातची. ड्रायव्हर लोकांची पोटं दर दिवाळीला दोन बोटं पुढं सरकायची. मग ती मंडळी लाजून श्वास आत ओढून उभी राहायची आणि नंदू टेलर मान खाली घालूनच म्हणायचा, “सोडा मास्तर श्वास. शर्ट तुम्हाला रोज घालायचाय, फोटोपुरता नाही.” टेप गुंडाळताना तो आतून आपलं डावं बोट सरकवायचा. एक बोट सैल. हा त्याच्या वडिलांनी घालून दिलेला नियम. कापड माणसाला टेकावं, आवळू नये.

अशा माणसानं आपल्या सख्ख्या बायकोचं माप सलग आठ दिवस चुकवलं. तेही टेपनं नव्हे, लाखमोलाच्या यंत्रानं. कसं, ते सांगतो.

तेव्हा गाड्या विजेवर धावू लागल्या होत्या, तिकीट दारातच मोबाइलवर कापलं जायचं, आणि कंडक्टर उरले होते ते फक्त डोंगरातल्या मोजक्या फेऱ्यांवर. त्यातली एक नंदकुमारची बायको, उज्ज्वला. अठ्ठावीस वर्षं कोयनेच्या खोऱ्यातली वळणं तिनं उभ्यानं काढली होती. “घाटात तोल हातांनी नाही सावरत, मांड्यांनी सावरतो,” असं ती नव्या पोरींना शिकवायची. गाडीत बसायला जागा असली तरी बाई बसायची नाही. बसलं की झोप येते म्हणायची.

तर ही कधी न बसणारी बाई आता आडवी होती. साधा ताप, मग न्यूमोनिया, मग जंतू रक्तात पसरले. तालुक्यातून जिल्ह्याला, तिथून शहरातल्या मोठ्या रुग्णालयात अतिदक्षता विभागात, आणि इथं अठरा दिवस. जंतू औषधांनी मेले, ताप उतरला. पण गळ्यात नळी, नळीला श्वासाचं यंत्र, आणि उज्ज्वला डोळे उघडायची तरी नजर कुठंच टेकायची नाही. हात उचला म्हटलं तर हात उचलत नव्हती, बोट हलवा म्हटलं तर बोट हलत नव्हतं.

“काका, आजार गेलाय. पण जाताना त्यानं घर धुऊन नेलंय,” डॉक्टर मुजावर पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या. पस्तिशीच्या, बारीक चणीच्या, बोलायला सरळ बाई. “इतक्या मोठ्या आजारात शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं. पहिल्या दहा दिवसांत मांडीचा पाचवा हिस्सासुद्धा जाऊ शकतो. वरून कळत नाही, कारण सूज असते. म्हणून आतून बघायचं.”

आतून बघायच्या यंत्राचं नाव होतं स्नायुवेध. हातात मावेल असा साबणाच्या वडीएवढा ठोकळा. तो मांडीवर ठेवायचा. त्यातून आपल्या कानाला ऐकू न येणारा आवाज आत जातो, कातडी, चरबी, स्नायू, हाड अशा एकेका थरावर आपटून परत येतो, आणि कुठला आवाज किती वेळानं परतला यावरून पडद्यावर चित्र उमटतं. तळाशी हाडाची पांढरी कमान, तिच्यावर स्नायूचा काळसर पट्टा, त्यात बारीक पांढऱ्या रेघा. पोटातलं बाळ बघतात ना, तेच तंत्र. कंबरेच्या हाडापासून गुडघ्याच्या वाटीपर्यंत अंतर मोजून ठरलेल्या जागी शाईनं फुली मारलेली असायची, म्हणजे रोज तीच जागा. इथवर जुनंच आहे. नवं होतं ते पुढचं. हजारो पेशंटांच्या मांड्या पाहून शिकलेलं ते यंत्र एक आकडा काढायचं. सहा महिन्यांत हा माणूस स्वतःच्या पायावर उभा राहण्याची शक्यता शंभरात किती? त्याला सगळे म्हणायचे परतीचा आकडा.

आणि त्या आकड्यावर खाट ठरायची. याच विभागातल्या उभारी कक्षात खाटा आठ, त्यातली एक उज्ज्वलाची, बाहेर रांग तीन जिल्ह्यांची. तिथं रोज श्वासाचं यंत्र थोडं थोडं सोडवून बघत, झोपल्या माणसाच्या पायांना सायकल लावून फिरवत. आकडा सलग तीन दिवस तिसाच्या खाली गेला की खाट दुसऱ्याला. मग विसावा कक्ष. तिथं नळीतून अन्न, अंग पुसणं, आणि बाकी काही नाही. विसाव्यातून चालत बाहेर आलेलं माणूस अजून कुणी पाहिलं नव्हतं.

सिस्टर कमी, म्हणून रोजचं माप घरच्याच माणसानं घ्यायची पद्धत होती. पहिले नऊ दिवस ते मुलीनं, ऋतुजानं घेतलं. ती नागपूरला एका प्रयोगशाळेत नोकरीला, नाजूक हाताची, यंत्रांत वाढलेली. प्रत्येकाचा हात वेगळा, म्हणून यंत्र पहिले तीन दिवस फक्त हात ओळखून घ्यायचं, त्या दिवसांत आकडा दाखवायचं नाही. ही ओळख माप घेणाऱ्यानं मनगटावर बांधायच्या पट्ट्यात राहायची. नवव्या दिवशी आकडा होता बावन्न. रजा संपली, ऋतुजा निघाली.

“बाबा, तुमचा हात नवीन नोंदवा हं. तीन दिवस लागतात.”

“बरं,” म्हणाला नंदकुमार.

आणि नोंदवला नाही. पट्टा ठेवून जा म्हणाला. तिला वाटलं, जमा करायचा असेल. खरं कारण एवढंच, की तीन दिवस आकड्याशिवाय काढणं त्याला जमणारं नव्हतं. सकाळी अकराला तो आकडा बघायचा, मग कुठं चहा घशाखाली उतरायचा. बापलेकीचा हात, त्यात काय एवढा फरक, असं त्यानं स्वतःला समजावलं. बघा, दुकानात माप अर्ध्यावर असताना टेप कुणाच्या हातात न देणारा माणूस!

दहाव्या दिवशी त्यानं पट्टा चढवला, जेल लावलं, ठोकळा फुलीवर ठेवला. आकडा आला सत्तेचाळीस.

आता त्याच्या हाताबद्दल सांगितलं पाहिजे. उज्ज्वला संध्याकाळी ड्युटीवरून यायची, चपला दारात भिरकावायची आणि दिवाणावर बसून पाय सरळ त्याच्या मांडीवर टाकायची. पाय दाबून देणं हे त्या घरात नवऱ्याचं काम होतं. आळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. हसू देत. अठ्ठावीस वर्षं तो अंगठे रोवून, गुडघ्यापासून वर, सावकाश दाबत आला होता. “अहो, जोर काढा की जरा. पावाला लोणी लावताय का?” असं ती डोळे मिटून म्हणायची. एक पाय झाला की तो थांबायचा आणि कंडक्टरच्या सुरात पुकारायचा, “स्टॉप आला, बाई!” उत्तर ती तोंडानं द्यायची नाही. मांडी आवळून त्याच्या हाताला दोन ठोके द्यायची. टण टण. डबल बेल. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. मग तो दुसरा पाय घ्यायचा.

त्या हातात आता स्नायुवेधचा ठोकळा होता आणि खाली तीच मांडी होती. हात काय करणार? हाताला दुसरं येतच काय होतं? तो ठोकळा ठेवायचा आणि नकळत अंगठ्याचा जोर त्यात उतरायचा. मऊ पडलेलं मांस त्या जोराखाली चेपायचं, पडद्यावरचा काळा पट्टा बारीक व्हायचा आणि आकडा घसरायचा. आकडा घसरला की जीव तुटायचा, आणि जीव तुटला की दुसऱ्या दिवशी हात आणखी रुतायचा. चव्वेचाळीस. एक्केचाळीस. सदतीस. तेहेतीस. एकतीस.

“अगं, कुठं निघालीस?” तो तिच्या कानाशी पुटपुटायचा. “मला न सांगता कुठं निघालीस?” घरी दिवाणावर बसलं की त्याचे हात रिकामे पडायचे. तिची इतकी आठवण यायची की तो उशी मांडीवर घेऊन बसायचा आणि मग स्वतःचीच लाज वाटून ती बाजूला ठेवायचा.

सोळाव्या दिवशी आकडा आला एकोणतीस. सतराव्या दिवशी सव्वीस.

डॉक्टर मुजावरांनी त्याला बाहेर बाकावर बसवलं, स्वतःही शेजारी बसल्या. “काका, उद्या तिसरा दिवस. मला खोटी आशा दाखवायची नाही. उद्या तिसाच्या वर आला नाही, तर दुपारी त्यांना विसाव्यात हलवावं लागेल. सही तुमची किंवा मुलीची.”

“सायकल बंद करणार?”

“हो.”

“अन् श्वासाचं यंत्र सोडवून बघणं?”

“तेही.”

दुपारी ऋतुजाचा फोन आला. आकडे तिच्याही मोबाइलवर रोज जात होते; मधले तीन दिवस कोरे का नव्हते, हे घाबरलेल्या पोरीच्या ध्यानात आलं नव्हतं.

“बाबा, मी सही करते. तुम्हाला नाही जमायचं.”

“तुला बरं जमतंय.”

“असं बोलू नका. मला काय ती जड झालीय? बावन्नवरून सव्वीस, बाबा. आठ दिवसांत. शरीर सोडून देतंय. आणि आपण तिचे पाय सायकलला बांधून फिरवतोय. आईला किती छळायचं?”

“तिनं कधी डबल बेलशिवाय गाडी सोडली नाही,” नंदकुमार म्हणाला. “तिला न विचारता आपण कसं सोडायचं?”

“ती सांगू शकत नाही ना पण!” पलीकडे पोरगी रडायला लागली. रडतच म्हणाली, “आकडा खोटं बोलत नाही हो, बाबा.” आणि फोन बंद झाला.

अठराव्या दिवशी सकाळी नंदकुमार रुग्णालयात गेला तो पिशवी घेऊन. पिशवीत उज्ज्वलाची खाकी होती, त्यानंच शिवलेली सलवार-कमीज, बिल्ल्यासकट. विसाव्यातच जायचं तर त्या पाठीमागं नाड्या बांधलेल्या उघड्या झग्यात तिला जाऊ द्यायचं नाही, हे त्यानं ठरवलं होतं. बाई अठ्ठावीस वर्षं कडक इस्त्रीत वावरलेली. पण आता ती खाकी अंगावर लोंबली असती, म्हणून बेतून आत घ्यायची. सोबत टेप, खडू आणि दुकानातली मापांची वही.

सिस्टर वायदंडे सलाइन बदलत होत्या. बाई बोलायला फटकळ, पण मनानं चांगल्या. “मामा, हे काय? दुकान इथंच मांडताय का?”

“दोन मापं घेतो फक्त. घेऊ का?”

सिस्टरांनी टेपकडे पाहिलं. “घ्या,” म्हणाल्या.

त्यानं चादर बाजूला केली, फुलीपाशी टेप मांडीखालून ओढून घेतली आणि टोकं जुळवली. अठरा आणि अर्धा इंच. वही उघडली. उज्ज्वलाच्या पानावर शेवटची नोंद नवव्या दिवसाची होती. ऋतुजा निघाली त्या दुपारी हाताला चाळा म्हणून त्यानं मांडीचं माप घेऊन लिहून ठेवलं होतं. पावणेएकोणीस.

पाव इंच.

त्यानं पुन्हा टेप लावली. साडेअठराच. नऊ दिवसांत पाव इंच गेला, आणि आकडा अर्ध्यावर? त्याला काही उमगेना. मग त्याची नजर स्वतःच्या हातावर गेली. टेपच्या आत डावं बोट सरकलेलं होतं. त्यानं सरकवलं नव्हतं, ते आपलं आपण गेलं होतं.

एक बोट सैल.

नंदकुमारनं टेबलावरचा ठोकळा उचलला. रोजच्यासारखा फुलीवर ठेवला आणि या वेळी पडद्याकडे न बघता हाताकडे पाहिलं. अंगठ्याचं नख पांढरंफटक पडलं होतं. ठोकळ्याच्या चारी बाजूंनी जेल बाहेर आलं होतं. मांडीत खळगा पडला होता.

“अरे देवा,” तो म्हणाला. “सिस्टर, डॉक्टरबाईंना बोलवा. मी माप चुकवलंय.”

मुजावर आल्या. त्यानं सगळं सांगितलं. मुलीचा पट्टा, तीन दिवसांचा धीर न निघणं, पाय दाबायची सवय. सांगताना त्याचे कान तापले होते. गुन्हा कबूल करण्यापेक्षा माप चुकल्याचं कबूल करणं त्याला जड गेलं असेल.

“टेपवर जाऊ नका काका, टेप सुजेला फसते,” म्हणत डॉक्टरांनी जुनी चित्रं पडद्यावर ओळीनं लावली. आणि बोलता बोलता थांबल्या. “एक मिनिट. कातडीखालची चरबी बघा. नवव्या दिवशी एवढी जाड, काल निम्मी. चरबी आठ दिवसांत अशी निम्मी होत नसते. स्नायूसकट सगळंच चेपलंय.” त्या त्याच्याकडे वळल्या. “यंत्राला वाटत होतं, मुलीचाच हलका हात आहे. म्हणून त्यानं दाब धरलाच नाही! तुमच्या लक्षात येतंय का काय झालं असतं ते? दुपारी मी यांना हलवणार होते!”

“येतंय,” तो म्हणाला.

“आणि चूक माझीही आहे. ही चरबी मी आधीच बघायला हवी होती. आपण सगळे आकडाच बघत बसलो.” त्यांनी डोळे चोळले. “ठोकळ्याशिवाय, नुसत्या हातांनी पाय दाबलेत का कधी?”

“दोनदा. सिस्टरांचं लक्ष नसताना.”

“काका! पडून राहिलेल्या पायात रक्ताची गाठ झालेली असू शकते. दाबून ती सुटली आणि फुप्फुसात गेली, तर माणूस जागच्या जागी जातं. आता हात लावायचा नाही. मी सांगेपर्यंत बिलकुल नाही.”

नंदकुमारनं दोन्ही हात पाठीमागं नेले, चोरी करताना सापडल्यासारखे.

आधीचे आठही आकडे रद्द झाले. नवा पट्टा आला, त्याच्या नावाचा. हात ओळखायला तीन दिवस, तोवर आकडा नाही, आणि आकडा नाही म्हणजे हलवणंही नाही. पुढं काय येईल ते मात्र मुजावरांनी सांगितलं नाही. “स्नायू गेलेत, हे खरंच आहे. किती, ते खऱ्या मापावरून कळेल. पस्तीस असेल, अठ्ठावीसही असेल.”

मग सिस्टर वायदंडेंनी त्याला नीट शिकवलं. “जेल भरपूर घ्या. अजून. कंजुषी कशाला? आता ठोकळा जेलवर ठेवा, कातडीवर नाही. मध्ये जेलचा थर दिसला पाहिजे. ठोकळा अंगाला टेकलाच नाही पाहिजे, मामा. तरंगला पाहिजे.”

“किती अंतर?”

“बोटभर धरा.”

त्याला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरले. अठरा दिवस तो हिला हात लावायला आसुसला होता, आणि खरं माप हात न लावताच मिळणार होतं. त्यानं श्वास सोडला, मनगट सैल केलं, ठोकळा अलगद धरला. पडद्यावर काळा पट्टा उमटला. कालच्यापेक्षा चांगला रुंद. त्यात पांढऱ्या रेघा ओळीनं निजलेल्या. आकड्याच्या जागी नुसती आडवी रेघ.

आकडा नाही म्हटल्यावर बघायचं काय? तो त्या रेघाच बघत राहिला. हीच ती मांडी. खोऱ्यातली सगळी वळणं हिच्यात साठलेली. बोटभर जेलच्या पलीकडे होती, आणि त्याला ती घाटापलीकडच्या गावाइतकी लांब वाटली. अंगठे शिवशिवत होते. काही तरी केलं पाहिजे म्हणून, आणि दुसरं काहीच करता येत नव्हतं म्हणून, तो वाकला आणि जुन्या सुरात म्हणाला, “स्टॉप आला, बाई.”

पडद्यावर रेघा हलल्या. किंचित जवळ आल्या, पट्टा कणभर फुगला आणि सैल झाला. मग परत एकदा.

मांडी वरून पाहिली तर जशीच्या तशी. चादरीची सुरकुतीसुद्धा हलली नव्हती.

“सिस्टर,” त्यानं हाक मारली. “सिस्टर, बघा.”

वायदंडे वळल्या. “स्नायू उडतात कधी कधी आपले आपण. लगेच जीव नका टाकू.” पण त्यांनी हातातलं सलाइन खाली ठेवलं. “परत म्हणा.”

त्यानं थोडं थांबून परत म्हटलं. “उज्ज्वला. स्टॉप आला, बाई.”

एक. दोन. आणि मग शांत.

“आता दुसरं काहीतरी म्हणा,” सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या.

“ऋतुजाचा फोन आला होता गं. जेवलीये ती.”

रेघा निजलेल्याच राहिल्या.

“स्टॉप आला, बाई.”

एक. दोन.

सिस्टर वायदंडे पळतच सुटल्या. एरवी वॉर्डात पळणाऱ्यांना ओरडणाऱ्या बाई त्या. बाहेरून त्यांची हाक ऐकू आली, “मुजावर मॅडम, या इकडं, लवकर या!”

नंदकुमार एकटाच उरला. ती दुसरा पाय मागत होती. अठरा दिवस मागत होती की आजच, देव जाणे. त्याचा अंगठा आपसूक खाली निघाला. त्यानं तो मध्येच अडवला. जेलचा थर त्यानं मोडू दिला नाही.

“घरी गेल्यावर, उज्ज्वला,” तो म्हणाला. “दोन्ही पाय. दुपारपासून बसतो दाबायला.”

आणि तो तसाच वाकून उभा राहिला, बोटभर अंतर राखून.